ऑफिसात जातीवरून बोलले, चौकीत एनसी करून पाठवलं: आता तक्रार कुठे आणि कशी करायची

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही हडपसरला एका खाजगी ऑफिसात अकाउंट्सला आहात, चौदा जणांचा स्टाफ. महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने तुमच्या जातीचं नाव घेऊन 'तुमच्या लोकांना फुकटचं खायची सवयच आहे' असं सगळ्यांसमोर म्हटलं. एचआरने विचारलं पुरावा कुठाय. चौकीत गेलात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून घरी पाठवलं. आणि त्याच महिन्यात कर्वेनगरला एका घरमालकाने आडनाव ऐकल्यावर रूम नाही म्हणून सांगितलं. तुम्ही बौद्ध आहात, जातीचा दाखला आहे, आणि तुम्हाला विचारायचंय की कायदा आहे का, आणि असेल तर जायचं कुठे.

मी शिवाजीनगर कोर्टात एकोणीस वर्षं प्रॅक्टिस करते, त्यातली बरीचशी अशाच प्रकरणांत गेली. कायदा आहे. पण एक कायदा नाहीये, तुकड्यातुकड्यांत आहे, आणि लोक इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं भेदभाव म्हणजे भेदभाव, कुठेही तक्रार केली की झालं. तसं होत नाही. कोणी केला, कोणावर केला, कशावरून केला आणि कुठे उभं राहून केला, या चार गोष्टींवर दार ठरतं. जात असेल तर एक दार, दिव्यांगत्व असेल तर दुसरं, बाई म्हणून त्रास असेल तर तिसरं. आणि दार बरोबर असलं तरी केस टिकते ती पहिल्या दोन दिवसांत तुम्ही कागदावर काय उतरवलंत त्यावर, हे मी पुढे नीट सांगणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी राज्यघटनेचं. कलम १४, १५, १६ सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, म्हणजे सरकारी नोकरी, सरकारी शाळा, महापालिका वगैरे. तुमच्या खाजगी मॅनेजरवर थेट कलम १६ लावून काही होणार नाही. मात्र दोन ठिकाणी घटना खाजगी माणसालाही धरते. एक कलम १७, अस्पृश्यता नष्ट. आणि दुसरं १५(२), ज्यात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावं घेऊन सांगितलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवायचं नाही. घटनेत विहीर का आली हे पुण्याच्या माणसाला तरी समजावून सांगायची गरज नाही. गंज पेठेत फुले वाड्यात जाऊन तो हौद बघा, १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी आधी तिथे पाठवते आणि मग कलम वाचायला देते.

आता तुमचं प्रकरण. तुम्हाला लागू पडतो तो अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९, आपण ज्याला अ‍ॅट्रॉसिटी म्हणतो. पहिली शंका लोक हीच काढतात की तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जात कशी? तर १९९० मध्ये दुरुस्ती होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे, त्यामुळे हा मुद्दा कोणी चौकीत काढला तर तिथेच दाखला पुढे करा आणि वाद घालत बसू नका. दाखला हाताशी नसेल तरी एफआयआर अडवता येत नाही, तो नंतर तपासात देता येतो. दुसरी अट, समोरचा माणूस अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसावा, तो असेल तर हा कायदा लागत नाही.

कलम ३(१)(आर) म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा तिला धमकावणं, पाणउतारा करायच्या हेतूने, आणि ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ करणं. दोन्हीत एक अट सामाईक आहे, ती म्हणजे हे 'लोकांच्या नजरेसमोर' घडलेलं असलं पाहिजे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायलाच हवी, एनसी चालत नाही.

मग एनसी कशी झाली? मी सांगते कशी होते, कारण दर महिन्याला बघते. तुम्ही ठाणे अंमलदाराला सांगता की मॅनेजरने अपमान केला, वाईट बोलला. तो भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ लावतो, म्हणजे शांतता बिघडेल असा मुद्दाम अपमान, जे आधी आयपीसीत ५०४ होतं. ते अदखलपात्र आहे. झाली एनसी. जातीचा उल्लेख एक तर येतच नाही किंवा 'जातीवाचक बोलला' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळला जातो. सगळे पोलीस मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा रात्रपाळीच्या माणसाला खरंच घाई असते आणि अ‍ॅट्रॉसिटी म्हटलं की वरिष्ठांना कळवावं लागतं, तपास एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा लागतो, कागद वाढतात. पण घाई त्यांची आणि नुकसान तुमचं, हे होऊ द्यायचं नाही.

इथे मला एक केस सांगावीच लागेल. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका माणसाने चारचौघांत त्यांना त्यांच्या जातीचं नाव घेऊन जे बोलला ते इथे लिहवत नाही. त्या त्याच रात्री पोलिसात गेल्या आणि शब्द जसेच्या तसे सांगितले. टाइप करणाऱ्याने लिहिलं, 'जातीवाचक शिवीगाळ केली'. मावशींना वाचता येत नव्हतं, कोणी वाचून दाखवलं नाही, अंगठा दिला. माझ्याकडे केस आली तेव्हा चार्जशीट होऊन गेलेलं होतं. तीन वर्षांनी कोर्टात उलटतपासणीत समोरच्या वकिलाने विचारलं, नेमका कोणता शब्द वापरला? मावशींनी शब्द सांगितला, अगदी आवाजाच्या चढउतारासकट, सगळं कोर्ट गप्प झालं. मग त्याने शांतपणे फिर्याद दाखवली, यात हा शब्द नाही, हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय. माणूस सुटला. मावशी खोटं बोलत नव्हत्या, पण शब्द कागदावर नव्हता. त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी मला एवढंच विचारलं की मी सांगितलं होतं ना हो तेव्हा. मी तेव्हापासून फिर्याद लिहिताना समोरच्याला शरम वाटली तरी शब्द जसाच्या तसा, अवतरण चिन्हात लिहून घेते.

म्हणून ताई, आज रात्री बसा आणि लिहा. तारीख, वार, किती वाजले होते. मीटिंग कोणत्या खोलीत, दार उघडं होतं की बंद, काच होती का. कोण कुठे बसलं होतं. मॅनेजर कशावरून बोलायला लागला, आधीचं वाक्य काय होतं, तो नेमका काय बोलला, तुम्ही काय उत्तर दिलंत, कोण हसलं, कोण मान खाली घालून बसलं. आधी कधी असं बोलला असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, तारखा आठवतील तेवढ्या. जे नक्की आठवत नाही ते 'अंदाजे' म्हणून लिहा, पण मनाने भर घालू नका, एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या दहा गोष्टी पण धुवून जातात.

'लोकांच्या नजरेसमोर' हा तुमच्या केसचा कच्चा दुवा आहे हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण वकिलाने गोड गोड बोलून काही होत नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जागा खाजगी असली तरी चालेल, पण ती लोकांना दिसणारी-ऐकू येणारी हवी, म्हणजे घराच्या गेटसमोर बोललं आणि रस्त्यावरच्यांनी ऐकलं तर गुन्हा होतो. २०२० मध्ये सांगितलं की घराच्या चार भिंतींच्या आत बाहेरचं कोणी नसताना झालं तर होत नाही. आणि जानेवारी २०२५ च्या एका निकालात ऑफिसच्या चेंबरमध्ये घडलेली गोष्ट त्यांनी या व्याख्येबाहेर ठेवली, तिथे सहकारी नंतर आले होते. तुमच्याकडे तेरा माणसं आधीपासून हजर होती हा फरक आहे आणि तो ठासून मांडायचा. पण त्याहून जोर येईल तो बाहेरचा माणूस असेल तर. कोणी क्लायंट बसला होता का, कुरिअरवाला, बिल्डिंगचा सिक्युरिटी, टपरीवरून चहा घेऊन येणारा मुलगा? तुम्ही लिहिलंय की चहा मीटिंगच्या मध्ये आला. तो मुलगा तुमच्या कंपनीचा नोकर नाही, त्याला मॅनेजरची भीती नाही. तो खोलीत असताना ते वाक्य बोललं गेलं का हे नीट आठवा.

रेकॉर्डिंग असेल तर मोबाइल फॉरमॅट करू नका, विकू नका, क्लिप कापून पाठवू नका. मूळ फाइल मूळ फोनमध्ये राहू द्या. कोर्टात ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, ते जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी सारखंच, त्यात आता हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, द्यावी लागते, वकील करून देतो. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट काढताना वर नंबर आणि तारीख दिसेल असे काढा, आणि चॅट डिलीट करू नका. रेकॉर्डिंग नसेल तरी घाबरू नका, साक्षीदारांवर केस उभी राहते, मी उभ्या केल्यात.

आता पोलीस स्टेशन. चौकीत नाही, मुख्य पोलीस स्टेशनला जा, लेखी तक्रार दोन प्रती घेऊन जा, एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. तक्रारीत स्पष्ट लिहा की अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) नुसार गुन्हा नोंदवावा, आणि आधीच्या एनसीचा नंबर व तारीख टाका. २०१८ च्या दुरुस्तीने कलम १८-अ आलंय, त्यात सरळ लिहिलंय की एफआयआर नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कोणी म्हटलं 'आधी चौकशी करतो, मग बघू' तर हे कलम शांतपणे सांगा. हद्दीचा प्रश्न काढला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही पोलीस स्टेशनला झीरो एफआयआर होते. एफआयआर झाली की प्रत फुकट मिळते, आणि सही करायच्या आधी शब्द न शब्द वाचा, शब्द सुटला असेल तर सही करू नका, दुरुस्त करून घ्या. कितीही वेळ लागला तरी. सोबत एक माणूस न्या, भाऊ, मैत्रीण, कोणीही, एकट्या माणसाला तीन तास बाकड्यावर बसवणं सोपं असतं.

नाहीच घेतली तर? तीच तक्रार पोलीस आयुक्तांना आणि त्या झोनच्या डीसीपींना पोस्टाने पाठवा, १७३(४) मध्ये हा मार्ग दिलेला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे आता स्पीड पोस्ट करायचं आणि पोच मागायची, पावती फाइलला लावायची. तरी हललं नाही तर शिवाजीनगरच्या विशेष कोर्टात अर्ज करता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आणि जो सरकारी नोकर, जो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही, मुद्दाम कर्तव्य टाळतो त्याच्यासाठी याच कायद्यात कलम ४ आहे, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, अर्जात फक्त नम्रपणे उल्लेख करा, तेवढा पुरतो असा माझा अनुभव आहे.

गुन्हा दाखल झाल्यावरची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कायद्याच्या नियमांप्रमाणे पीडिताला अर्थसहाय्य मिळतं, टप्प्याटप्प्याने, एफआयआर, चार्जशीट असे टप्पे असतात. त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं ऑफिस, विश्रांतवाडीला सामाजिक न्याय भवनात. काही जण म्हणतात पैशासाठी केस केली असं लोक बोलतील म्हणून नको. ताई, तो तुमचा हक्क आहे, कोर्टात यायला रजा पडते, रिक्षा लागते, साक्षीदाराचा दिवस बुडतो. घ्या. तपासाला साठ दिवसांची मुदत आहे, चार्जशीट गेल्यावर खटला शक्यतो दोन महिन्यांत संपवावा असं कलम १४ म्हणतं, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागतो, ती तयारी ठेवा. आरोपीने जामीन मागितला तर कलम १५-अ खाली तुम्हाला नोटीस मिळायला हवी आणि तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, त्या तारखेला हजर राहाच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, केस अडकली तर तिच्याकडे अर्ज करा, आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचं कार्यालय पुण्यातही आहे. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ हा हेल्पलाइन नंबर आहे.

आता ऑफिस. खाजगी नोकरीत जातीवरून भेदभावाला सरसकट बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही, हे मला फार खटकतं पण वस्तुस्थिती आहे. म्हणून एचआरला तोंडी सांगू नका, ईमेल करा, स्वतःच्या पर्सनल आयडीला कॉपी ठेवून. त्यात घटना लिहा आणि कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे चौकशी मागा. बोलण्यात बाई म्हणूनही काही घाणेरडं असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा लागतो, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे, तुमच्याकडे चौदा आहेत म्हणजे हवीच. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

आणि एक विनंती, हात जोडून. एचआर तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी केबिनमध्ये बोलावेल, समोर टाइप केलेला राजीनामा असेल, 'सही कर, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो, उगाच रेकॉर्ड खराब कशाला' असं म्हणतील. सही करू नका. 'मला विचार करायला वेळ हवा' एवढंच म्हणून उठा, बाहेर येऊन लगेच ईमेल करा की आज अमुक वाजता मला राजीनाम्यावर सही करायला सांगितलं, मी केलेली नाही. राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून गेलात, मग ते उलटवायला वर्षं जातात. काढूनच टाकलं तर वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात जायचं, तिथला मार्ग तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरतो, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा घेऊन वकिलाला दाखवा.

रूमचं मात्र मला प्रामाणिकपणे सांगावं लागेल. पुण्यात हे रोज होतं, आडनावावरून, धर्मावरून, नॉनव्हेजवरून, एकट्या मुलीला नको, बॅचलर नको. घरमालकाने कोणाला भाड्याने द्यावं यावर सरसकट बंधन घालणारा कायदा नाही, आणि धर्मावरून नाकारलेल्या माणसाला तर आज फौजदारी मार्ग जवळजवळ नाहीच. अनुसूचित जातीच्या माणसाचं तसं नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला जागा घेण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, आणि कलम १२ म्हणतं की समोरचा अनुसूचित जातीचा असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच केलं असं कोर्ट गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. अ‍ॅट्रॉसिटीतही सामाजिक-आर्थिक बहिष्काराचं कलम ३(१)(झेडसी) आहे, व्यवहार करायला नकार देणं त्या व्याख्येत बसवता येतं, पण एकदाच दिलेल्या नकारावर ते टिकवायला पुरावा भक्कम लागतो. म्हणून ब्रोकरशी बोलणं शक्य तितकं मेसेजवर करा. 'ओनर नाही म्हणतायत' असं आलं तर 'का?' एवढंच विचारा. बरेच ब्रोकर कारण स्पष्ट लिहून मोकळे होतात.

सोसायटीने अडवलं असेल तर गोष्ट थोडी सोपी होते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, सभासदाने आधी कळवायचं असतं. फ्लॅट विकत घेऊन सभासदत्व नाकारत असतील तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, कलम २३, पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायचं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारशी सोसायटीला आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवायला मुभा दिली होती, तो निकाल अजून दाखवला जातो, पण उपविधीत असं काही लिहिलेलंच नसताना कमिटी मनाने 'आमच्याकडे चालत नाही' म्हणत असेल तर तो निकाल तिला वाचवत नाही.

जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल, म्हणजे आपल्याच समाजाने, तर त्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा २०१६, लागू झाला जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अ‍ॅट्रॉसिटी जिथे लागत नाही कारण दोन्ही बाजू एकाच समाजाच्या, तिथे हा लागतो. पोलिसात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. लग्नाच्या रीतीवरून, आंतरजातीय लग्नावरून कुटुंबाला मयतालाही कोणी येत नाही अशी प्रकरणं मी पिंपरी-चिंचवडमध्ये पाहिली आहेत, शहरात असं होत नाही हा गैरसमज आहे.

तुम्ही शेवटी भावाचं विचारलंय, तो सरकारी आस्थापनेत होता, अपघातात पाय गेला आणि आता ऑफिस म्हणतंय स्वेच्छानिवृत्ती घे. त्याला सांगा अजिबात घेऊ नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०(४), नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पद खालचं देता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, आणि पद रिकामं नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ड्रायव्हरबरोबर मी चर्च रोडला दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयात गेले होते. राज्याचं ते कार्यालय पुण्यातच आहे हे आपलं नशीब, गडचिरोलीच्या माणसाला केवढं लांब पडतं. साध्या कागदावर अर्ज, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, नेमणूक आदेश, ऑफिसने दिलेली पत्रं. वकील लागतोच असं नाही. आयुक्त आस्थापनेला नोटीस काढतात, दोन्ही बाजूंची सुनावणी होते, शिफारस गेली की तीन महिन्यांत काय केलं ते आस्थापनेने कळवायचं असतं. त्या सुनावणीत समोरचा अधिकारी सारखा 'सहानुभूती आहे आम्हाला' म्हणत होता. ड्रायव्हर दादा म्हणाले, 'साहेब, सहानुभूती नको, डेपोत टाइमकीपरची जागा रिकामी आहे ती द्या.' ती मिळाली. भावाला सांगा, रिकाम्या जागा कोणत्या आहेत हे आधी माहितीच्या अधिकारात मागव, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. नुसतं अन्याय झाला सांगण्यापेक्षा ही जागा मला चालेल असं बोट ठेवून दाखवलं की काम होतं.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, तो खाजगी नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर सगळ्याला लागतो, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा, तोही भाड्याच्या घरापासून विम्यापर्यंत. हे दोन्ही कायदे कागदावर अ‍ॅट्रॉसिटीपेक्षा रुंद आहेत, वापरणारे मात्र फार थोडे, त्यांच्यावर मी वेगळं लिहीन.

फीची काळजी करू नका. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तुम्ही दोन कारणांनी पात्र आहात. आधार, जातीचा दाखला आणि एक अर्ज एवढंच. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

समोरून उलट तक्रार येईल हेही धरून चाला, बदनामीची, कामात चुका केल्याची, कदाचित खंडणीची. म्हणून मॅनेजरशी किंवा त्याच्या नातेवाइकांशी तडजोडीचं एक अक्षर फोनवर बोलू नका, 'किती द्यायचे सांगा' असं कोणी विचारलं तर फोन ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. ऑफिसची कागदपत्रं घरी आणू नका, पण स्वतःचे अप्रेझल, कौतुकाचे मेल, पगारवाढीची पत्रं यांच्या प्रती आजच काढा, आयडी बंद झाला की हाती लागणार नाहीत.

सोमवारी पोलीस स्टेशनला जायच्या आधी एक काम करा. तुमच्या ऑफिसखालच्या टपरीवर जा, चहा घ्या, आणि त्या मुलाचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. ही मुलं दोन-तीन महिन्यांत टपरी बदलतात नाहीतर गावी जातात, मग वर्षभराने समन्स काढायचं तर पत्ता नसतो. त्याच्यावर दबाव टाकू नका, काय सांगायचं ते शिकवू तर अजिबात नका. फक्त विचारा, त्या दिवशी ट्रे घेऊन आत आलास तेव्हा काय ऐकलंस.